गॅलिलिओ गॅलिली आणि गतीचे शास्त्र

गॅलिलिओचे नाव निघाले की आम्हा धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या या शास्त्रज्ञाला ख्रिस्तसभेने शिक्षा का केली? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले तो निरागसपणे विचारतात, महाविद्यालयात जाणारे तरुण काहीसे खोचकपणे. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचा आमचा मानस नाही. परंतु या एका प्रश्नाच्या सावलीत गॅलिलिओचे खरे जीवनकार्य झाकोळून जाते, याची आम्हाला खंत वाटते. पडणाऱ्या वस्तूचा वेग आणि अंतर यांचा जो नियम आपली मुले आज शाळेत पाठ करतात, तो त्याने आकाशाकडे पाहून शोधला नव्हता. लाकडाची एक लांब फळी, काशाचा एक गोळा, पाण्याचे एक भांडे आणि बालपणापासून संगीताने तयार झालेला कान एवढ्या सामग्रीवर त्याने तो शोधला. आणि हा नियम ज्या ग्रंथात जगासमोर आला, तो ग्रंथ त्याने शिक्षा झाल्यानंतर, नजरकैदेत, दृष्टी मंदावत असताना पूर्ण केला. आज आम्ही ती कथा सांगणार आहोत.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा या नगरात झाला. त्याचे वडील विन्चेन्झो हे ल्यूट नावाच्या तंतुवाद्याचे निष्णात वादक आणि संगीतशास्त्राचे जाणकार होते. घरात विद्या भरपूर होती, पैसा बेताचा होता. प्राचीन काळापासून संगीतशास्त्राच्या ग्रंथांत एक दंतकथा चालत आली होती. तार लांबीने निम्मी केली की स्वर एक सप्तक वर चढतो, हे खरेच आहे. पण तारेला टांगलेले वजन दुप्पट केले तरीही स्वर एक सप्तक चढतो, असे त्या कथेत म्हटले होते. शतकानुशतके पंडितांनी ते लिहिले, शिष्यांनी ते उतरून घेतले. विन्चेन्झोंनी तारांना खरोखरच वजने टांगली आणि कान लावून ऐकले. स्वर एक सप्तक चढवायला वजन दुप्पट नव्हे, तर चौपट लागते, असे त्यांना आढळले. १५८९ साली त्यांनी हे आपल्या पुस्तकात छापले. या प्रयोगांच्या सुमारास तरुण गॅलिलिओ फ्लॉरेन्सला घरीच राहत होता. वडिलांनी वजने टांगताना त्याला हाताशी घेतले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ग्रंथात काय लिहिले आहे ते वाचावे, पण तार काय सांगते तेही ऐकावे, हा संस्कार त्याला अशा घरात मिळाला.

बालपणी त्याचे शिक्षण वाल्लोम्ब्रोझा येथील मठात झाले. तेथील शांत जीवन त्याला इतके भावले की त्याने व्रतस्थ होण्याच्या दिशेने पहिले पाऊलही टाकले होते. वडिलांनी मात्र त्याला परत आणले. मुलाने वैद्य व्हावे आणि कुटुंबाला हातभार लावावा, ही त्यांची अपेक्षा. १५८१ साली तो पिसा येथील विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी दाखल झाला, परंतु युक्लिडच्या भूमितीने त्याला वेड लावले आणि १५८५ साली तो पदवी न घेताच बाहेर पडला. चार वर्षांनी, १५८९ साली, त्याच विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. वेतन तुटपुंजे होते. १५९१ साली वडील निवर्तले आणि बहिणींचे हुंडे, धाकट्या भावाचा खर्च असा सारा भार या थोरल्या मुलावर पडला. पुढील वर्षी पादुआ येथे त्याला अधिक चांगली जागा मिळाली. तेथे त्याने अठरा वर्षे काढली. ती आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची वर्षे होती, असे तो म्हातारपणी सांगत असे.

पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने दोन गोळे खाली टाकले आणि जमलेल्या पंडितांची बोलती बंद केली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती त्याचा शेवटचा शिष्य विन्चेन्झो विवियानी याने गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात आहे. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात तिचा मागमूस नाही. पिसाच्या कॅथिड्रलमधील झुलता दिवा पाहून त्याला लंबकाचा नियम सुचला, हीदेखील विवियानीचीच कथा आहे. आज तेथे जो दिवा दाखवतात, तो त्या कथेतील प्रसंगानंतर काही वर्षांनी बसवण्यात आला. भक्तांनी आपल्या आवडत्या संतांभोवती कथा गुंफाव्यात, तसेच थोडेसे येथे झाले आहे. शिष्याचे प्रेम आम्ही समजू शकतो. मात्र खरी हकिकत या कथांहून अधिक विलक्षण आहे.

त्या काळी सर्वत्र अरिस्टॉटलचे शास्त्र शिकवले जाई. आम्हीही गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी ते शिकलो आहोत, आणि ते ऐकताना फार पटते, हे कबूल केले पाहिजे. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते. ढकलणारा थांबला की वस्तू थांबते. बैलगाडीकडे पाहा, पानाकडे आणि दगडाकडे पाहा. रोजचा अनुभव तेच सांगतो. गॅलिलिओला शंका आली ती या अनुभवाच्या खोलीबद्दल. वस्तू पडते तेव्हा नेमके काय घडते? ती एकसारख्या वेगाने पडते की वेग वाढत जातो? वाढत असेल तर कोणत्या हिशेबाने? कोणी मोजले आहे का?

मोजणे हीच अडचण होती. हातातून सुटलेला दगड डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच जमिनीवर असतो, आणि सेकंद दाखवणारे घड्याळ त्या काळी नव्हते. तेव्हा गॅलिलिओने पडणेच मंद केले. त्याने सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई घेतली, तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली, खाचेला गुळगुळीत चर्मपत्र चिकटवले आणि तुळईचे एक टोक किंचित उचलले. या उतरणीवरून घासून गोल केलेला काशाचा गोळा सोडला. सरळ पडणाऱ्या दगडाला खाली ओढणारे बलच या गोळ्यालाही ओढते. मात्र उतरणीवर त्याचा थोडाच अंश कामी येतो, म्हणून गोळा सावकाश उतरतो आणि माणसाला त्याच्याशी गाठ घालता येते. वेळेसाठी त्याने पाण्याचे मोठे भांडे उंचावर ठेवले. भांड्याच्या तळाशी बारीक नळी होती. गोळा सुटला की धार सुरू, गोळा पोहोचला की धार बंद. पेल्यात जमलेले पाणी तराजूत तोलायचे. जितके पाणी, तितका वेळ. शंभर शंभर वेळा हा प्रयोग केल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

जे आढळले ते असे. सबंध उतरण पार करायला गोळ्याला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात तो उतरणीचा निम्मा भाग नव्हे, तर केवळ चौथा भाग उतरतो. दुसऱ्या शब्दांत, पहिल्या क्षणात गोळ्याने एक वीत अंतर कापले तर तेवढ्याच दुसऱ्या क्षणात तो तीन विती कापतो, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. त्यांची बेरीज करीत गेले की एक, चार, नऊ, सोळा हे वर्ग मिळतात. उतरण कमी-अधिक केली तरी प्रमाण ढळत नाही. वडिलांच्या तारेत वजन चौपट झाले तेव्हा कंपने दुप्पट झाली होती. मुलाच्या फळीवर वेळ दुप्पट झाला तेव्हा अंतर चौपट झाले. बापलेकांच्या हाती वर्गाचाच नियम लागावा, हे आम्हाला मोठे हृद्य वाटते.

येथे संगीताचा आणखी एक धागा आहे. विसाव्या शतकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयातील गॅलिलिओची टिपणे नव्याने तपासली. त्यांतील एका पानावरच्या आकड्यांवरून त्याने असा तर्क केला की, प्रारंभी गॅलिलिओने वेळ पाण्याने नव्हे तर ठेक्याने मोजला असावा. ल्यूटच्या दांडीवर आतड्याचे पडदे बांधतात, तसे उतरणीवर बांधून, गोळा त्यांवरून जाताना होणारा बारीक टकटक आवाज गाण्याच्या तालात येईपर्यंत ते पडदे पुढे-मागे सरकवायचे. तर्कच तो, पण वादकाचा कान क्षणाचा अगदी लहान भागदेखील चुकू देत नाही, हे आपल्या चर्चमधील गायनवृंद सांभाळणाऱ्या कोणालाही पटेल.

नियम हाती लागला तरी त्यामागचे तत्त्व मात्र बराच काळ निसटत होते. १६०४ साली त्याने व्हेनिसमधील आपले मित्र, सर्व्हाइट संघाचे व्रतस्थ पावलो सार्पी यांना पत्र लिहून हा वर्गाचा नियम कळवला. परंतु त्याच पत्रात, वस्तू जितके अंतर पडली तितका तिचा वेग वाढतो, असे चुकीचे कारणही दिले. वेग अंतराच्या नव्हे तर वेळेच्या प्रमाणात वाढतो, समान क्षणांत समान भर पडते, हे त्याला पुढे उमगले. आपली चूक त्याने नंतर छापील ग्रंथात उघडपणे कबूल केली, हे विशेष. कबूल करण्याचा त्याचा स्वभाव सर्वत्र असाच होता असे मात्र नाही. त्याकडे आम्ही वळणारच आहोत.

उतरणीने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. एका उतरणीवरून घरंगळलेला गोळा समोरच्या चढणीवर जवळजवळ पहिल्या उंचीइतका चढतो. चढण सौम्य केली तर तीच उंची गाठायला त्याला अधिक लांब जावे लागते. चढण मुळीच ठेवली नाही तर? मग त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही; घर्षण नसेल तर तो जातच राहील. गाडी थांबते ती ढकलणारा थांबला म्हणून नव्हे, जमीन तिला अडवते म्हणून. अरिस्टॉटलच्या शास्त्राचा पाया येथे हलला. हाच विचार पुढे न्यूटनने गतीच्या पहिल्या नियमात मांडला. आणि टेबलावरून सुटलेला गोळा आडवा पुढे जाता जाता वर्गाच्या नियमाने खालीही पडतो, म्हणून त्याची वाट अन्वस्त या वक्राची असते, हेही गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास पादुआतच ताडून पाहिले.

पादुआच्या वास्तव्यात मरिना गांबा नावाच्या स्त्रीपासून त्याला तीन अपत्ये झाली: व्हर्जिनिया, लिव्हिया आणि विन्चेन्झो. त्याने मरिनाशी विवाह केला नाही. विवाहाबाहेरील मुलींना चांगले स्थळ मिळणार नाही म्हणून त्याने दोघींना कोवळ्या वयातच फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील संत मत्तयच्या मठात धाडले. तो क्लेअरिस्ट भगिनींचा अत्यंत गरीब मठ होता. त्या काळची ती रीत होती, असे म्हणून आम्ही पुढे जाऊ शकत नाही. पाचारणाचा विचार मुलींना कोणी विचारला नव्हता. धाकटी लिव्हिया तेथे कायम आजारी आणि उदास राहिली. थोरली व्हर्जिनिया मात्र सिस्टर मारिया चेलेस्ते या नावाने त्या मठाचा आधार बनली. तेथील औषधालय ती सांभाळे. वडिलांच्या कॉलरी शिवून देई, त्यांच्या हस्तलिखितांच्या प्रती करी, लिंबाच्या सालीचा मुरांबा पाठवी. मठाचे घड्याळ बंद पडले की दुरुस्तीसाठी वडिलांकडे जाई. तिने लिहिलेली १२४ पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्याने तिला लिहिलेले एकही पत्र उरलेले नाही.

१६०९ सालची दुर्बीण आणि त्यापुढील शोध सर्वश्रुत आहेत: चंद्रावरील डोंगर, गुरूचे चार उपग्रह, शुक्राच्या कला. १६११ साली तो रोमला गेला तेव्हा येशूसंघाच्या रोमन कॉलेजमधील खगोलशास्त्रज्ञांनी त्याची निरीक्षणे खरी ठरवून त्याचा सत्कार केला. म्हणजे वैर पहिल्या दिवसापासून होते असे नाही. सूर्य मध्यस्थानी असल्याचे मांडणारे कोपर्निकस तर स्वतः कॅथिड्रलचे कॅनन होते आणि त्यांनी आपला ग्रंथ १५४३ साली पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केला होता.

मग बिनसले कुठे? बायबलमधील काही वचनांत सूर्य चालतो आणि पृथ्वी स्थिर आहे असे वर्णन येते. ही वचने लोकांच्या बोलीत आहेत, ती खगोलशास्त्र शिकवण्यासाठी नाहीत, असे गॅलिलिओने १६१५ साली लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात संत अगस्तीन यांचा आधार घेऊन मांडले. आज कोणत्याही गुरुविद्यालयात हेच शिकवले जाते. परंतु प्रॉटेस्टंट चळवळीने हादरलेल्या त्या काळात एका गणितज्ञाने पवित्र शास्त्राचा अर्थ लावावा, हे रोममध्ये अनेकांना खपले नाही. १६१६ साली कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्तीपर्यंत स्थगित झाला आणि कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन यांनी गॅलिलिओला हे मत न बाळगण्याची समज दिली. त्या भेटीचा एक कागद धर्मन्यायालयाच्या दप्तरात होता. त्यात हे मत कोणत्याही प्रकारे शिकवूही नये अशी अधिक कडक आज्ञा लिहिलेली होती, आणि त्यावर कोणाचीच सही नव्हती. त्या कागदाने पुढे घात केला.

दोष एकाच बाजूचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गॅलिलिओची लेखणी फार तिखट होती. धूमकेतू चंद्राच्या पलीकडे असतात, असे म्हणणारे येशूसंघीय ओरात्सिओ ग्रास्सी बरोबर होते. गॅलिलिओने त्यांची टर उडवली आणि तो स्वतः चुकीचा ठरला. भरती-ओहोटी हा पृथ्वीच्या भ्रमणाचा पुरावा आहे, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. तेही चूक होते. १६२३ साली त्याचे चाहते कार्डिनल बार्बेरिनी हे पोप आठवे अर्बन झाले, तेव्हा त्याला हायसे वाटले. परंतु १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात त्याने पोपमहोदयांचा आवडता युक्तिवाद सिंप्लिचिओ नावाच्या भोळसट पात्राच्या तोंडी घातला. मित्र दुखावला आणि त्याच्या हाती सत्ता होती.

१६३३ साली सत्तरीकडे झुकलेल्या या आजारी माणसाला रोममध्ये हजर राहावे लागले. त्याला अंधारकोठडीत टाकले गेले नाही आणि त्याचा छळ झाला नाही. मात्र छळाची धमकी देण्यात आली. २२ जून १६३३ रोजी मिनर्व्हाच्या मठात गुडघे टेकून त्याला आपले मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली. दहापैकी तीन कार्डिनलांच्या सह्या त्या निकालपत्रावर नाहीत. उठताना तो पृथ्वीच्या गतीविषयी काहीतरी पुटपुटला, ही गोष्ट नंतर रचलेली असावी. शिक्षेत तीन वर्षे दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणण्याचा समावेश होता. ती स्तोत्रे आपण वडिलांच्या वतीने म्हणू, असे मठातून सिस्टर मारिया चेलेस्ते हिने कळवले आणि तसे करण्यास तिने प्रारंभही केला. विवेकबुद्धीविरुद्ध शपथ घ्यायला एका वृद्धाला भाग पाडले गेले, आणि ते आपल्या ख्रिस्तसभेच्या नावाने केले गेले. यावर कोणतेही स्पष्टीकरण पुरेसे नाही, असे आम्हाला वाटते.

रोममधून त्याला प्रथम सिएनाच्या आर्चबिशपांकडे ठेवण्यात आले. आस्कानिओ पिक्कोलोमिनी हे त्यांचे नाव. खचून गेलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या गॅलिलिओला त्यांनी कैदी म्हणून नव्हे तर मानाचा पाहुणा म्हणून वागवले, विद्वानांना जेवणास बोलावले आणि पादुआच्या काळातील ती जुनी टिपणे पुन्हा उघडण्यास त्याला प्रवृत्त केले. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेले गतीचे शास्त्र आर्चबिशपांच्या वाड्यात पुन्हा सुरू झाले. डिसेंबर १६३३ मध्ये त्याला आर्चेत्रीच्या घरी जाण्याची परवानगी मिळाली. मठ तेथून जवळच होता. बापलेकीची भेट झाली. पण २ एप्रिल १६३४ रोजी सिस्टर मारिया चेलेस्ते हगवणीने मरण पावली. ती अवघी तेहतीस वर्षांची होती. कित्येक महिने गॅलिलिओने लेखणीला हात लावला नाही.

त्यानंतर त्याने जो ग्रंथ पूर्ण केला, त्याला दोन नवीन शास्त्रांचा ग्रंथ म्हणून ओळखले जाते. त्याचे नवे काहीही छापण्यास बंदी असल्याने हस्तलिखित गुपचूप हॉलंडमध्ये गेले आणि १६३८ साली लायडन येथील एल्झेविर यांनी ते छापले. आपल्या नकळत हे घडले, असा आव गॅलिलिओने प्रस्तावनेत आणला आहे. तो वाचताना हसू आवरत नाही. छापील प्रत हाती आली तेव्हा त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

या ग्रंथात तीन मित्र चार दिवस गप्पा मारतात. तुळई कधी मोडते, प्रचंड प्राण्याची हाडे केवळ लांब असून का भागत नाही, ती जाडही का लागतात, येथून बोलणे सुरू होते. मग लंबक येतो: झोक्याचा वेळ निम्मा करायचा तर दोरी चौथ्या भागाएवढी करावी लागते. लंबकावरून विषय नादाकडे वळतो. चर्चच्या मोठ्या घंटेचे उदाहरण गॅलिलिओने येथे दिले आहे. एकटा माणूस योग्य क्षणी दोर थोडा थोडा ओढत गेला तर तो अवाढव्य घंटा झुलवतो. आणि मग चार-सहा जण तिला थांबवायला दोराला लोंबकळले तर तेच जमिनीवरून उचलले जातात. एक तार छेडली असता तिच्याशी जुळवलेली शेजारची तार आपोआप थरथरते, त्याचे कारणही हेच. हवेतून येणारे छोटे छोटे झटके नेमक्या वेळेवर येतात. आवाजाची उंची म्हणजे ठरावीक वेळात होणाऱ्या कंपनांची संख्या, हे येथे त्याने स्पष्ट मांडले. वडिलांचे काम मुलाने येथे पूर्णत्वास नेले.

प्रकाशाचेही तसेच. वीज चमकते तेव्हा उजेड एका क्षणात सर्वत्र पोहोचतो की त्यालाही वेळ लागतो? गॅलिलिओने दोन माणसे, दोन झाकलेले कंदील आणि एक काळोखी रात्र सुचवली. एकाने झाकण काढायचे, दुसऱ्याने तो उजेड दिसताच आपले झाकण काढायचे आणि पहिल्याने उशीर होतो का ते पाहायचे. मैलाहून कमी अंतरावर त्याने हे करून पाहिले आणि प्रामाणिकपणे नोंदवले की उशीर जाणवला नाही. प्रकाश तत्क्षणी पोहोचत नसेल तर तो अतिशय वेगवान असला पाहिजे. प्रकाश सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो. कंदिलांचा त्याच्यापुढे निभाव लागणे शक्यच नव्हते. १६७६ साली ओल रोमर या डॅनिश शास्त्रज्ञाला पॅरिसमध्ये याचे उत्तर मिळाले. गुरूच्या एका उपग्रहाची ग्रहणे पृथ्वी दूर असताना उशिरा दिसतात, यावरून प्रकाशाला वेळ लागतो हे त्याने दाखवले. तो उपग्रह गॅलिलिओनेच १६१० साली शोधलेल्या चारांपैकी एक होता.

या अखेरच्या वर्षांत आर्चेत्रीच्या त्या घरी कोण येत-जात होते, हे पाहण्यासारखे आहे. बेनेदेत्तो कास्तेल्ली हा बेनेडिक्टाइन मठवासी त्याचा जुना शिष्य होता. क्लेमेंते सेत्तिमी हे पियारिस्ट संघाचे फादर आंधळ्या गुरूचे लेखनिक बनले. त्यांना रात्री तेथे राहता यावे म्हणून संघाचे संस्थापक संत जोसेफ कॅलासान्झ यांनी स्वतः परवानगी दिली होती. पॅरिसमध्ये मारें मर्सेन या मिनिम संघाच्या व्रतस्थांनी शिक्षेनंतरच्या वर्षीच गॅलिलिओचे यंत्रशास्त्र फ्रेंचमध्ये छापले. आणि बोलोन्यात येशूसंघीय फादर जोव्हान्नी बत्तिस्ता रिच्चोली, जे पृथ्वी स्थिर आहे असे प्रतिपादन करीत होते, त्यांनी आपले सहकारी फादर फ्रांचेस्को ग्रिमाल्दी यांच्यासह आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून पाहिले. वेळ मोजण्याचा लंबक अचूक व्हावा म्हणून त्यांनी आपल्या संघबांधवांना बसवून दिवसरात्र त्याचे झोके मोजले. गॅलिलिओचा एक, तीन, पाच, सात हा नियम बरोबर आहे, असे आढळल्यावर रिच्चोलींनी ते १६५१ च्या आपल्या ग्रंथात निःसंकोच लिहिले. विरोधकाचे मोजमाप खरे निघाले तर ते खरे म्हणून छापणे सोपे नसते. याच ग्रिमाल्दींनी पुढे प्रकाश वस्तूच्या कडेशी किंचित पसरतो हे प्रथम दाखवले. या साऱ्यांमुळे १६३३ चा निकाल सौम्य होत नाही. तो देणारेही ख्रिस्तसभेचेच होते आणि आंधळ्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून लिहून घेणारेही.

८ जानेवारी १६४२ च्या रात्री गॅलिलिओचे निधन झाले. शेवटच्या काही महिन्यांत त्याने लंबकावर चालणाऱ्या घड्याळाची रचना मुलाला तोंडी सांगितली होती. ते घड्याळ त्याच्या हयातीत झाले नाही. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकला फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्याचे भव्य स्मारक उभारायचे होते. रोमहून नापसंती आली आणि त्याचा देह चर्चच्या बाजूच्या एका लहानशा खोलीत ठेवण्यात आला. कोपर्निकसच्या मताची शिकवण देणाऱ्या ग्रंथांवरील सरसकट बंदी १७५८ च्या यादीतून उठली. गॅलिलिओचा संवादग्रंथ निषिद्ध यादीतून नाहीसा व्हायला मात्र १८३५ साल उजाडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली या प्रकरणाचा नव्याने अभ्यास करण्याचे आवाहन केले, १९८१ साली आयोग नेमला आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक झाली होती, असे जाहीरपणे मान्य केले. पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा याबाबतीत गॅलिलिओ त्याच्या न्यायाधीशांहून अधिक जाणता ठरला, हेही त्यांनी सांगितले.

विवियानीने आपली सारी मिळकत गुरूच्या स्मारकासाठी मागे ठेवली होती. १७०३ साली तोही त्याच लहानशा खोलीत पुरला गेला. अखेर १७३७ साली सांता क्रोचेत संगमरवरी स्मारक तयार झाले आणि गॅलिलिओचे अवशेष हलवण्यासाठी ती खोली उघडण्यात आली. तेथे दोन शवपेट्या असतील अशी अपेक्षा होती. तीन निघाल्या. एक शिष्याची, एक गुरूची आणि तिसरी एका स्त्रीची, जिचा मृत्यू फार पूर्वी झाला होता. तिचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते. ती सिस्टर मारिया चेलेस्ते असावी, असे अभ्यासक मानतात. तिची पेटीही तेव्हाच हलवण्यात आली आणि आज त्या संगमरवराखाली ती वडिलांसोबत आहे.